पांढऱ्या बिल्ल्यांचे शुक्रवार

इसिल्डा मॉर्गनबाईंबद्दल मला फारसं काही माहीत नाही. चार वर्षं त्या माझ्या बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर बसत, म्हणजे मी त्यांना पाहिलं ते बहुतेक आरशात. जमैकाहून आल्यावर त्या आधी तंबाखूच्या शेतात कामाला होत्या, त्यांचा नवरा क्रिकेट खेळायचा, हे मला गेल्या महिन्यात त्यांच्या निधनाच्या बातमीतून कळलं. क्रिकेट कसं खेळतात हेही मला ठाऊक नाही. तेव्हा स्टिअरिंगमागे बसून जेवढं दिसलं तेवढंच लिहितो. चुकत असेन तर त्यांच्या घरच्यांनी दुरुस्त करावं.

बाई हार्टफर्ड शहरातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर मदतनीस होत्या. शिक्षिका नव्हेत, पण पोरं ऐकायची ती त्यांचंच. शाळेतली मुलं बहुतेक काळी किंवा पोर्तो रिकोची. वीस मिनिटांवरच्या ॲशबरी गावातली बहुतेक गोरी. दोन्हीकडचे शिक्षण विभाग वेगळे, त्यामुळे एरवी ही मुलं एकमेकांना दिसतही नसत. त्यांनी एकत्र यावं म्हणून राज्य सरकार अनुदान द्यायचं, पण दोन विभागांनी मिळून अर्ज केला तरच. त्या पैशावर वर्षातून सहा शुक्रवार मुलं नदीकाठच्या निसर्गकेंद्रात जमायची, बेडूक बघायची, एकत्र जेवायची. अनुदान दर वर्षी नव्याने मागावं लागे. ते आलं नाही तर बस नाही, आणि बस नाही तर शुक्रवारही नाहीत.

मुलं खरोखर मिसळतात याचा पुरावा सरकारला हवा असे. म्हणून हार्टफर्डच्या मुलांच्या गळ्यात नारिंगी बिल्ले आणि ॲशबरीच्या निळे. मिस फॅरो नावाची एक तरुण मुलगी हे सगळं सांभाळायची. मनाने चांगली होती. जेवणाच्या वेळी ती टेबलांमधून फिरून कागदावर लिहायची, इथे तीन नारिंगी, दोन निळे.

चौथ्या वर्षी हिवाळ्यात याहायरा नावाची मुलगी आपला डबा घेऊन बसमध्ये आली. मी सँडविच खात होतो. तिला शोधत बाई आल्या.

"काय गं, थंडी वाजली होय?"

"ते म्हणाले, हे निळ्यांचं टेबल आहे."

"कोण म्हणालं?"

"निळे."

"भांडले का?"

"नाही. नीट सांगितलं. नारिंगी टेबल कुठंय ते पण दाखवलं."

बाई तिच्याजवळ बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खा हो तुम्ही, गडोम्स्की. तुमच्या सँडविचला रंग नाही."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी बस सुटायच्या आधी सगळे बिल्ले गोळा केले, उलटे केले आणि पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर नावं लिहिली. केंद्रावर उतरल्यावर ॲशबरीच्या मुलांचेही उलटले. त्यांच्या शिक्षिकेला वाटलं, वरून हुकूम आला असेल. तिने मदतच केली.

फार काही चमत्कार झाला नाही. तीन-चार टेबलं मिसळली, बाकीची होती तशीच. याहायरा ॲशबरीच्या एका मुलीशेजारी बसून तिची द्राक्षं खात होती, एवढं मी खिडकीतून पाहिलं.

मिस फॅरो कागद घेऊन उभीच राहिली. "मॉर्गनबाई, मी मोजू कशी आता?"

"बघून मोजा की."

"बघून कसं..." ती लाल झाली.

"मग लिहा, ओळखू येत नाहीत इतकी मिसळलीत."

शेवटी बिचारीने बघूनच मोजलं. मग बसपाशी आली. बाईही मागोमाग आल्या.

"मिस्टर गडोम्स्की, तुम्ही आज किती मुलं आणलीत?"

"एकवीस."

तिच्या कागदावर चोवीस होती. ॲशबरीच्या डॉक्टरांच्या काळ्या जुळ्या मुली आणि एक भारतीय मुलगा, तिघांनाही तिने रंग बघून आमच्या बसमधलं धरलं होतं. बाई आधी हसल्या, मग मिस फॅरोचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. मुलगी प्रामाणिक. तिने तो कागद फाडला, सरकारला दुसरा कोराच पाठवला आणि सोबत कारण लिहिलं.

मला "आठवत नाही" म्हणता आलं असतं. पण बावीस वर्षं दारात मुलं मोजतोय. आकडा तोंडातून निघून गेला.

एप्रिलमध्ये सरकारचं पत्र आलं. असे आणखी कोरे कागद आले तर पुढच्या वर्षीच्या अर्जाचा विचार होणार नाही. शाळेने बाईंना बोलावलं. त्या शुक्रवारी परतीच्या वाटेवर मी विचारलं.

"काय म्हणाले?"

"रंग लावा, नाहीतर दुसरी मदतनीस पाठवू म्हणाले."

"मग लावा ना, बाई. दोरीत ओवलेला कागदच तर आहे."

"एक दिवस तुम्ही घालून बघा गळ्यात."

मी सिग्नलला गाडी थांबवली. त्याच पुढे म्हणाल्या, "माझ्यापायी पोरांचे शुक्रवार जायला नकोत. बिल्ले बांधतील दुसऱ्या कोणी. मी नाही बांधणार."

उरलेला एक शुक्रवार त्यांना दिला. तेव्हा बिल्ले पुन्हा सरळ होते, मिस फॅरोने स्वतः बांधलेले. बाईंनी त्यांना हात लावला नाही.

अनुदान आलं. पुढच्या वर्षी दुसरी मदतनीस आली, मुलं गेली, बेडूक बघून आली. मी आणखी तीन वर्षं ती बस चालवली. बाई आत वर्गात असायच्या आणि मी बाहेर फाटकाशी. आत जाऊन भेटता आलं असतं, पण गेलो नाही. चोवीस म्हणालो असतो तर काय झालं असतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

बाईंच्या त्या शेवटच्या शुक्रवारी मुलं उतरल्यावर त्या नेहमीसारख्या मागपर्यंत जाऊन कोणाचं काही राहिलंय का बघून आल्या. हातात कोणा पोराच्या पायातला एक मोजा होता.

"मागच्या दाराची कडी सैल झालीय," त्या म्हणाल्या.

"सोमवारी बघतो."

"मागच्या वेळीही सोमवारीच बघणार होतात."

"या सोमवारी नक्की."

"बरं," म्हणाल्या, आणि मोजा घेऊन उतरल्या.