कुशल, अर्धकुशल आणि दिगाकाका

आमच्या काजू कारखान्यात दोन ढीग आपोआप वाढतात. एक टरफलांचा, दुसरा किश्श्यांचा. टरफलांना गिऱ्हाईक मिळतं. किस्से मात्र माझ्याकडेच पडून आहेत!

कारखाना आचऱ्याजवळ. बावीस बायका, पाच पुरुष आणि सुपरवायझर म्हणून मी. माझ्याकडे डिप्लोमा आहे. मी काजू सोलला की त्याचे चार तुकडे होतात, ही गोष्ट वेगळी.

मालक बाळाशेठ कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, "यापुढे मी हुकूम सोडणार नाही. सगळे निर्णय सगळ्यांनी मिळून!" तेव्हापासून इथे नक्की काय चाललंय, ते मला नीटसं कळलेलं नाही.

*

पहिला निर्णय चहाच्या सुट्टीचा. साडेदहाला की अकराला?

"साडेदहावाल्यांनी हात वर करा." सत्तावीस हात!

"आता अकरावाल्यांनी." पुन्हा सत्तावीस!

"अहो, दोन्हीकडे कसे हात वर करता?" मी विचारलं.

सगळ्यांत जुन्या कामगार शेवंतीकाकू म्हणाल्या, "कोणाचां मन कित्या मोडूचां?"

शेवटी पावणेअकरा ठरले. ती वेळ कोणीच मागितली नव्हती.

*

मग एक सरकारी फॉर्म आला. प्रत्येकापुढे लिहायचं : कुशल, अर्धकुशल की अकुशल. तेही बैठकीत, सर्वानुमते.

काजूच्या बिया वाफवण्याचं काम दिगाकाकांचं. मी विचारलं, "काका, तुम्ही कुशल ना?"

"खंयचो कुशल? शुगर वाढली हा माझी!"

शेवंतीकाकू तीस वर्षं गराची साल काढतायत. गर मोडत नाही. त्या म्हणाल्या, "माका अकुशल लिही."

"काकू, तुम्ही अकुशल?"

"कागद खंय आसा माझ्याकडे?"

सगळ्यांना ते पटलं. शेवटी कागदवाला कुशल कामगार एकच निघाला. मी! सही केली खरी, पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

*

कौशल्य वाढवायला शहरातून एक ट्रेनर आले. दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवली. तिसऱ्या दिवशी स्वतः वाटीभर गर सोलून दाखवले.

काकूंनी वाटी हातात घेतली. "साहेब, ह्ये खंय टाकू? अख्ख्यात की अर्ध्या पाकळीत?"

साहेब हसून म्हणाले, "तुम्ही ठरवा. निर्णय तुमचा!"

काकूंनी वाटी तुकड्यांच्या डब्यात ओतली.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना सर्टिफिकेट दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'प्राथमिक पातळी'.

*

सुरेखा नवीन लागली. हात चपळ, पण गर मोडायचे. तिला कोण शिकवणार? बैठकीत सगळ्यांनी काकूंकडे बोट दाखवलं.

काकू म्हणाल्या, "माका शिकवूक येणा नाय. बाजूक बस."

आठ दिवस ती नुसती बाजूला बसून सोलत होती. नवव्या दिवशी तिचे गर अख्खे निघायला लागले! मी वही घेऊन धावलो. "सुरेखा, काकूंनी नेमकं काय शिकवलं?"

"काय्येक नाय. काकू बोलत नाय, म्हणान माका पण बोलूक गावलां नाय!"

मी वहीत तारीख लिहिली आणि वही मिटली.

*

आता शेवटचा किस्सा. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि गावातल्या बारा घरांची काजू बी भिजली. वर्षभराची बी ती. सगळ्यांनी आमच्याकडे आणून टाकली. वाफ कमी पडली तर टरफल फुटत नाही, जास्त झाली तर गर काळा पडतो. ओल्या बीला किती मिनिटं द्यायची, ते एकट्या दिगाकाकांना माहीत. आणि काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कणकवलीला!

बैठक बसली. कोणी वीस मिनिटं म्हणे, कोणी चाळीस. बाळाशेठ म्हणाले, "मी काही बोलणार नाही." बाहेर अंगणात बारा घरची माणसं उभी होती.

शेवटी वाफ सोडली आणि मी काकांना फोन लावला.

"काका, वाफेचा आवाज ऐका आणि कधी बंद करायची ते सांगा!"

फोन भांड्याजवळ धरला. सगळे भोवती गोळा झाले. बराच वेळ गेला आणि काका जोरात ओरडले, "बस झाला! बंद कर!"

मी झडप घालून वाफ बंद केली. गर निघाला तो पांढराशुभ्र, अख्खा! अंगणातला एक म्हातारा चक्क रडला.

आठ दिवसांनी काका काळा चष्मा लावून आले. मी त्यांचे पायच धरले. "काय कान आहे काका तुमचा!"

"कसलो कान?" काका गोंधळले. "तुझ्या फोनार माका काय्येक ऐकाक येय नाय. बाजूच्या खाटीवरचो पेशंट रेडिओ लावून बसलो हुतो. तेका सांगलंय, बस झाला, बंद कर!"

मी शेवंतीकाकूंकडे पाहिलं. त्यांनी हातातला गर सोलून काकांच्या तळहातावर ठेवला.

"कोणाक पण सांगलंस रे दिगा, पण टायमार सांगलंस!"