मागची शीट

वीरभद्रप्पा म्हणजे एसटीचा माणूस. उभी हयात सोलापूर-बार्शी गाडी हाकली, पण कुणाला मागं टाकलं असं कधी घडलंच नाही. वेग डेपोनंच आवळून ठेवलेला, मग काय करणार? पोरंटोरं मोटारसायकलवरून वाकुल्या दाखवत पुढं जायची आणि हे गपगुमान बघत राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेली जुनी फियाट घेतली. "एकदा तरी पळवणार," म्हणाले. आता बोला!

पण ती गाडी खरी झाली त्यांच्या बायकोची, नीलव्वांची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एसटीची पायरी चढवत नव्हती, रिक्षात पाय मावत नव्हते. फियाटच्या मागच्या शीटवर मात्र त्या पाय लांब सोडून ऐसपैस बसायच्या. दर सोमवारी वळसंगला थोरल्या बहिणीकडं, गंगव्वाकडं जायचं. गंगव्वा अंथरुणाला खिळलेली. दोघी कन्नडमध्ये काय एवढं बोलायच्या देव जाणे, आणि वीरभद्रप्पा बाहेर बोनेट पुसत बसायचे.

अशात हौशी मंडळींनी घाटातल्या बंद पडलेल्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची शर्यत ठेवली. म्हाताऱ्याच्या अंगातच आलं! लालसाब मेस्त्रीनं गाडी खोलली. नवा कार्बोरेटर चढला, पुढं डिस्क ब्रेक आले, स्प्रिंगा कडक झाल्या. मग तो म्हणाला, "अप्पा, वजन उतरवा. चालवणाऱ्याची सोडून बाकी शीटा काढू. मागं लोखंडी पायपांचा पिंजरा बसवायचा, गाडी उलटली तर जीव वाचतो. त्याबिगर शर्यतीत घेत न्हाईत."

वीरभद्रप्पा घरी येऊन घुटमळले. नीलव्वाच म्हणाल्या, "काढा की. शर्यत झाली की बसवा परत."

"तोवर वळसंगला भाड्याची गाडी करू."

"दारात गाडी असताना भाड्याची? लोक हसतील की ओ. गंगव्वा कुटं पळून चाललीय?"

आणि यांनी ते ऐकलं! बायको नको म्हणाली की पुन्हा एकदा विचारायचं असतं, एवढं कळू नये? सुटलो बुवा म्हणत गॅरेजकडं पळाले.

शर्यतीत मात्र गाडी काय पळाली! वळणावर दोघांना मागं टाकलं त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा. वर पोचले तेव्हा आनंदानं डोळे भरून आले होते. कितवे आलो हे विचारायचंही भान नव्हतं. मग पिशवीतला फोन पाहिला, तर घरून आलेले फोनच फोन. गंगव्वा सकाळीच गेली होती.

तसेच घरी आले. शेजारी जीप काढतो म्हणत होते, पण "हे येतायत" म्हणून नीलव्वा लुगडं नेसून उंबऱ्यावर बसून होत्या. वीरभद्रप्पांनी सवयीनं मागचं दार उघडलं. आत आडवे-तिडवे पाइप. नीलव्वांनी पाइप धरला, पाय उचलायला गेल्या. गुडघा वाकेना. ह्यांनी मागून आधार दिला, जरा जोर लावला.

"दुखतंय ओ," त्या हळूच म्हणाल्या.

शेवटी शेजाऱ्यांच्या जीपनं गेले. वळसंगात शिरले तेव्हा माणसं मातीवरून परत येत होती. भाचा म्हणाला, "मावशी, लई वाट बघितली. उन्हात किती वेळ ठेवायचं?" नीलव्वांनी तिथंच रस्त्यावर हंबरडा फोडला. वीरभद्रप्पांना जीपमधून खाली उतरायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लालसाबला घेऊन ते दारात उभे राहिले. "आजच पिंजरा कापतो. शीट बसवतो," म्हणाले.

नीलव्वांच्या तोंडावर राग नव्हता. असता तर ह्यांना जरा बरं वाटलं असतं.

"बसवा की," त्या म्हणाल्या. "पण मला आता कुटं जायचंय?"