बाबांच्या भुवयांवरची लव

लव बाळाच्या कपाळावर असते, भेंडीवर असते, नव्या चादरीवर असते. लोक सांगतात ते सगळं ठीक आहे. आमच्या घरी लव म्हणजे बाबांचा खोकला. नागपूरच्या गिरणीतून ते यायचे तेव्हा केसांवर, कानांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव बसलेली असायची. माय त्यांना उंबऱ्यातच अडवायची. ते डोळे मिटून उभे राहायचे आणि ती ओल्या गमछ्यानं तोंड पुसायची. त्याशिवाय भाकर नाही. मोठे काका त्याच गिरणीत, त्याच खोकल्यानं गेले होते.

म्हणून तर आम्ही भिलाईला आलो. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, माणसं पाहिजे होती. खुर्सीपारच्या मजूरवस्तीत झोपडी मिळाली. बाबा आता लाल मातीनं माखून यायचे आणि थेट आंघोळीला जायचे. उंबऱ्यातलं पुसणं आपोआप बंद पडलं. खोकलाही पळाला. माय हरखली होती. "मातीचं काय, झटकली का गेली," म्हणायची.

आणि एका संध्याकाळी बाबांच्या भुवया पुन्हा पांढऱ्या!

मला काही उमजेना. इथे ना गिरणी, ना कापूस. मग ही आली कुठून? मला तर वाटलं, आमच्या मागे मागे नागपूरहून चालतच आली असेल.

"हे काय होय जी?" मायनं विचारलं.

 बाबा म्हणाले, "मशिनी पुसाले गिरणीतलं रद्दी सूत येते. ते पिंजाचं काम मागून घेतलं मी."

"कावून?"

"लोखंडाच्या सांगाड्यावर चढवून राहिले होते मले. खाली पाहिलं का पाय लटलट कापतेत."

माय भडकली. "मंग आलो कायले एवढ्या दूर? तुमच्या भावासारखं मरायचं हाय काय तुमाले?" असं म्हणत तिनं गमछा ओला केला आणि पुसायला लागली. ती रडत होती आणि बाबा डोळे मिटून चक्क हसत होते. आता बोला. चिडलेल्या माणसाचा हात इतका हळू कसा चालतो, हेही मला कळेना.

दुसऱ्या दिवशी बाबा आले तेव्हा भुवयांवर काहीच नव्हतं. हातांच्या तळव्यांना मात्र सांगाड्याचा गंज लागला होता. ते आंघोळीला गेले नाहीत. आपणहून उंबऱ्यात उभे राहिले आणि डोळे मिटले. मायनं त्यांचे तळवे पाहिले, मग पाय पाहिले. तिनं गमछा ओला केला आणि त्या स्वच्छ भुवया पुसत राहिली.

"पाय अजून कापून राहिले," बाबा म्हणाले.

"कापू द्या," माय म्हणाली. "मी धरलं हाय ना."