पाना धरून ठेवा

डायलिसिसच्या पेशंटना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम पूर्वी तिचा नवरा करायचा. त्याची नजर गेली तेव्हा ती गाडी चालवायला शिकली. जुनी विकून दुसरी डिझेल गाडी घेतली आणि नवऱ्याला शेजारच्या सीटवर बसवलं. पेशंट तिला वहिनी म्हणत. नवरा मात्र स्टिअरिंग अजून आपल्याच हातात असल्यासारखा बोलायचा. "क्लचवरचा पाय काढ." ती ऐकून घ्यायची.

त्या दुपारी मागे टेलरमास्तर होते. तापामुळे त्यांची डायलिसिसची आधीची खेप हुकली होती. पाय सुजलेले, दोन शब्द बोलले की धाप. चढणीला बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि फटकन काहीतरी तुटलं. स्टिअरिंग जड झालं, बॅटरीचा लाल दिवा लागला.

"पट्टा गेला," नवरा म्हणाला. "इंजिन बंद कर. पाणी फिरायचं थांबलं, उकळेल."

तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. दवाखान्यात फोन लागला, पण ॲम्ब्युलन्स भलतीकडेच गेलेली. पट्ट्याला चिरा पडलेल्या पाहून नवा तिनेच डिकीत आणून ठेवला होता, सवडीने बदलू म्हणून.

"सरक, मी बसवतो."

"अहो, इंजिन तापलंय, चटके बसतील. तुम्ही पाना धरा." पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची पुली पान्याने दाबून ठेवली तरच नवा पट्टा चढतो, मध्येच पाना सुटला तर बोटांचा चेंदामेंदा.

जुन्याच्या चिंध्या तिने ओढून काढल्या, पाना पुलीवर बसवून त्याच्या हातात दिला आणि नवा पट्टा ओवू लागली.

"मधल्या पुलीच्या वरून घे."

"ती गुळगुळीत आहे. पट्ट्याची खाचांची बाजू तिच्यावर कशी बसेल? खालून जातोय."

"वरून! आयुष्य गेलं माझं यात—"

"मला दिसतंय ना! गप्प बसा आणि पाना धरून ठेवा!"

असं ती त्याला कधीच बोलली नव्हती. मागे मास्तरांची छाती घरघरत होती. नवऱ्याने पाना दोन्ही हातांनी आवळला. त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. शेवटच्या पुलीवर पट्ट्याची कड दोनदा निसटली.

"अजून थोडं दाबा."

"दाबलंय. उरक."

पट्टा चढला.

"बोटं काढलीस?"

"काढली."

"दोन्ही हातांची?"

"हो हो, सोडा आता."

त्याने पाना हळूहळू सैल केला. मग तिचे हात ओढून घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

इंजिन सुरू झालं, लाल दिवा विझला. दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉयने मास्तरांना खुर्चीत घातलं आणि जवळजवळ पळतच आत नेलं. नर्सने खूप वेळाने येऊन सांगितलं, "श्वास आता नीट चालतोय. डोळा लागलाय त्यांचा."

नवरा बाकावर बसून होता. "वरून जायचा तो जुन्या गाडीचा," तो म्हणाला. "हिचं इंजिन मी कधी पाहिलंच नाही गं."

तिने त्याच्या तळव्याला लागलेलं काळं ग्रीस पदराने पुसलं.

"उद्या बॉनेट उघडते," ती म्हणाली. "थंड असताना. हात लावून बघा सगळं."