देवमाशांचं जहाज आणि पिराची कंदुरी

परभणीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि गेली सहा वर्षं एका जहाजाच्या मागं लागले आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं शिडाचं जहाज, विलायतेहून देवमासे मारायला निघालेलं. आमच्या स्टाफरूममध्ये यावर ठरलेला विनोद आहे, "मॅडम, परभणीत मासा येतो तो येलदरी धरणाचा. तुमचा देवमासा कोणत्या एसटीनं येणार?" विनोद करणाऱ्या सरांनी स्वतः बावीस वर्षांत नोट्सचा कागदसुद्धा बदललेला नाही.

त्या जहाजाची रोजनिशी मी कॉम्प्युटरवर वाचते. देवमासा मारला की पानाच्या कडेला आख्ख्या शेपटीचा शिक्का, निसटला तर अर्ध्या. कत्तलीतही केवढी टापटीप! पुढं लढाई पेटली, तर मालकांनी शत्रूची जहाजं लुटायचा सरकारी परवाना काढला. म्हणजे दरोडाच, फक्त मोहोर लावलेला. आणि लुटलं कुणाला? शत्रूच्या तसल्याच एका देवमासे मारणाऱ्या जहाजाला, ज्याला लढाई लागल्याची खबरही नव्हती. झोपलेल्या माणसाचं धोतर पळवायचं आणि त्याला पराक्रम म्हणायचं. कप्तानानं मात्र त्या दिवशी पानभर बढाई लिहून ठेवली आहे.

तीन वर्षांनी जहाज परत फिरलं. मायदेशाचा किनारा दिसायला लागला, तेवढ्यात त्यांच्याच आरमाराची होडी आली आणि सगळी धडधाकट पोरं लढाईसाठी धरून नेली. घरं समोर दिसत असताना. उरलेल्या म्हाताऱ्यांनी जहाज कसंबसं बंदराला लावलं. देवमाशांचं तेल विकून मालक गबर झाले आणि जहाज पुढं कोळसा वाहायला गेलं.

ही गोष्ट मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुकड्यातुकड्यानं सांगत असे. आमचं घर झरीच्या बाजूच्या एका खेड्यातलं, शेळ्यामेंढ्यांचं. आबांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, पण त्यांचा धाकटा, म्हणजे माझा भाऊ, तेलाच्या जहाजावर खलाशी आहे. दहा महिने त्याचं जहाज लढाई चाललेल्या समुद्रातून ये-जा करत होतं. आबा विचारायचे, "मंग त्या जहाजावरची पोरं घरी आली का?" मी म्हणायचे, अजून तिथवर वाचलं नाही.

भाऊ सुखरूप यावा म्हणून आबांनी गावाबाहेरच्या पिराला कंदुरी बोलली होती. नवसाचं बोकड पिराला दाखवून सोडलेलं असतं. माणूस घरी आला, पिरापुढं टेकला, की मग ते कापायचं आणि गावाला जेवू घालायचं. आधी नाही. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण भावाचा मेसेज आला, 'बुधवारी मुंबईला उतरतो', आणि आमच्या चुलत्यांनी लगेच गुरुवार धरला. "पोरगं मुंबईला आलं म्हंजे आल्यातच जमा हाय," ते म्हणाले. ज्यांनी कधी कुणाच्या दुखण्याला पाण्याचा तांब्या नेला नाही, ते आमंत्रणं द्यायला मात्र पार पिंगळी गावापर्यंत जाऊन आले.

गुरुवार उजाडला, भाऊ नाही. फोन लागत नाही. टेम्पो भरभरून पाहुणे मात्र आले. आबा म्हणाले, "थोडं थांबू. यायलाय त्यो." चुलते म्हणाले, "लोकं उपाशी बसवता का आता?" शेवटी मुलाण्यानं सुरी फिरवली. एकदा रस्सा उकळायला लागल्यावर कोण आलं नि कोण नाही हे विचारायला कुणाला सवड होती? दुसऱ्यांदा वाढून घेणारेच मला विचारत होते, "आला का गं तुझा भाऊ?"

पंगत चालू असताना माझा फोन वाजला.

"आक्का, मुंबई दिसायलीय इथून. इमारती मोजून घ्याव्या इतकी."

"मग उतर की! बोकड कापलं इकडं."

"नव्या करारावर सही केली मी. उद्या दुसऱ्या जहाजावर जायलोय."

"जबरदस्ती केली का कुणी?"

तो म्हणाला, "न्हाई गं. लढाईच्या दर्यात पगार डबल हाय. आन गावात येऊन काय करू? शेरडं वळू?"

मी संतापून फोन कापला. त्या जहाजावरच्या पोरांना निदान धरून न्यावं लागलं होतं.

आबा वाढायची पळी हातात घेऊनच माझ्याकडं आले. "काय म्हनला?"

त्यांचं तोंड बघून माझी जीभ फिरली. "त्याला धरून ठेवलंय, आबा. सोडीनात."

मला वाटलं, ते कंपनीला शिव्या देतील. मीही त्यात चार घालायला तयार होते. पण आबांनी पळी खाली ठेवली, पंगतीतून वाट काढत पिरापर्यंत गेले आणि दगडावर कपाळ टेकलं. "चुकलं माजं, बाबा. त्यो यायच्या आधी तुजं बोकड कापलं. मीच अडकवलं माज्या लेकराला."

मागं लोक ताक मागत होते. मी आबांच्या पाठीमागं उभी होते. आता ते दर गुरुवारी तिथं जातात, अनवाणी, आणि माफी मागून येतात. मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही.