वॉल्टरकाका, बाबा आणि मातीचा ट्रॅक

मंडळी, आज दुपारी जीव नुसता टांगणीला लागला होता.

सांगलीहून आलेले माझे बाबा शेजारच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वॉल्टरकाकांबरोबर कॉफी प्यायला म्हणून गेले, ते तीन तास आलेच नाहीत. बाबांचा फोन घरातच, काका उचलेनात. मीटिंग कॅन्सल करून मी गाडी काढली. शेवटी काकांची मुलगी फोनवर म्हणाली, "जुन्या रेस ट्रॅकवर बघ."

आम्ही राहतो त्या पार्सिपनी गावापासून तासाभरावर तो बंद पडलेला ट्रॅक, गवत माजलेला. आणि तिथे मोडक्या बाकावर दोघं! हुश्श!

काका सांगत होते, तरुणपणी रोजचीच गाडी इथे आणायचे, उघडू नयेत म्हणून दारं पट्ट्याने बांधून मातीत रेस मारायचे आणि सोमवारी तीच गाडी घेऊन कामावर जायचे.

"बाबा, फोन तरी न्यायचा ना!" मी ओरडलेच.

"अगं, याला कार्बोरेटर कळतो!" चाळीस वर्षं गॅरेज चालवलेले बाबा म्हणाले. इंग्लिश मोडकंतोडकं, पण इथे आल्यापासून इतके खुललेले मी त्यांना पाहिलेच नव्हते.

मीही बाकावर बसले. दोन महिने मी त्यांना मॉल आणि मंदिरं दाखवत होते यार, पण "तुम्हाला कशावर गप्पा मारायच्यात?" हे विचारलंच नव्हतं.

तुम्ही तुमच्या आईबाबांना विचारलंय कधी?