बेकरीच्या मागच्या खोलीतला गट

बेकरीवाल्या काकूंनी वर्षभर आमच्या प्रार्थनागटात पाऊल टाकलं नव्हतं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या आगमनकाळात, ख्रिस्तजन्माची वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांत, त्यांनी गटात रडत रडत सांगितलं होतं, की लेकीला मनाच्या आजारासाठी इस्पितळात ठेवलंय. दुसऱ्याच दिवशी पाव घ्यायला आलेली गिऱ्हाईकं विचारू लागली, "पोरीला वेड लागलं म्हणे?" काकूंनी पाव बांधून दिले आणि तोंडाला कुलूप लावलं.

यंदा मात्र त्या आपणहून पाळकसाहेबांकडे गेल्या. "गट माझ्याकडे भरू दे. मागच्या खोलीत भट्टीची ऊब असते."

"मन मोठं आहे तुमचं, काकू."

"मोठंबिठं काही नाही. लेक घरी आलीय. तिला माणसं लागतील, आणि माझ्याकडे तुम्हीच आहात. दुसरी कुठून आणू?"

पहिल्या रविवारी आम्ही पिठाच्या पोत्यांमध्ये खुर्च्या मांडून बसलो. काकूंनी मेणबत्ती पेटवली आणि सरळ विषयालाच हात घातला. "मागच्या वर्षी माझी गोष्ट बाहेर कोणी नेली, ते मी विचारणार नाही. पण यंदाही मी खरंच बोलणार. ऐकलेलं पोटात ठेवायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवा."

त्या दिवशीच्या प्रार्थना हवापाण्यासाठी आणि कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यासाठीच झाल्या.

पुढच्या रविवारी काकूच बोलल्या. "पोरगी दुपारी एकटी राहायला घाबरते. मला भट्टीपुढून हलता येत नाही. देवावर माझा भरवसा आहे. माणसांवर बसत नाही, पण बसवायचा आहे."

तेवढ्यात गटातल्या निवृत्त नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. "मी सांगितलं होतं. शेजारणीला. तिनंही प्रार्थना करावी म्हणून." त्यांनी स्वतःच मान हलवली. "छे, तेही खरं नाही. मला राहवलं नाही."

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. "लोक बघतील म्हणून माझी पोर घरी यायला तयार नव्हती, बाई!"

नर्सबाईंनी पर्स उचलली. काकू दारात आडव्या आल्या. "जायचं नाही. माफ केलं असं मला आज म्हणता येणार नाही. म्हणेन तेव्हा मनापासून म्हणेन. पण दुपारी तिच्यापाशी बसाल का? थांबा, आधी तिला विचारते."

त्या जिना चढून वर गेल्या आणि हसू दाबत खाली आल्या. "म्हणते, त्याच येऊ देत. निदान पहिल्यापासून सगळं सांगत बसायला नको."

नर्सबाई रोज जाऊ लागल्या. सुरुवातीला लेकीनं दारच उघडलं नाही. बाई जिन्यावर बसून विणत राहिल्या. मग दार उघडलं, आणि काही दिवसांनी वरून दोघींचं पत्त्यांवरून भांडण ऐकू येऊ लागलं. गल्लीत कोणी चौकशी केलीच, तर नर्सबाई म्हणत, "ती घरीच आहे. तिलाच विचारा की."

नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी लेक खाली आली. दाराजवळच्या खुर्चीत बसली. ना बोलली, ना डोळे मिटले. कोणी आग्रहही केला नाही.

प्रार्थना संपल्यावर काकू नर्सबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आज म्हणते. माफ केलं."

काकूंनी त्यांचे हात घट्ट धरले, मग डोळे पुसत भट्टीकडे धावल्या. आतले पाव करपायला आले होते.